वानराचं शेपूट करतं तरी काय?

लहान मुलांच्या पुस्तकात ‘म’ माकडाचा असतो, आणि ते माकड हमखास झाडाला शेपटाने लटकलेलं असतं. शेपटाचा वेढा फांदीला, डोकं खाली, हातात केळं. पिढ्यान्‌पिढ्या हे चित्र पाहून माकड म्हणजे शेपटाने लोंबकळणारं जनावर हे आपण गृहीतच धरलेलं आहे.

कसारा लोकलने खर्डी सोडली की उंबरमाळीच्या आसपास हे चित्र पडताळून पाहायची चांगली सोय आहे. फेब्रुवारीनंतर सागाची पानं झडतात, काटेसावर आणि पळस फुलतात आणि उघड्या पडलेल्या फांद्यांवर वानरांची अख्खी टोळी लांबूनही स्पष्ट दिसते. पोरंसोरं एकमेकांच्या अंगावर पडत असतात, माद्या कळ्या खुडत असतात, हुप्प्या उंच दुबेळक्यात बसून चहूकडे नजर ठेवून असतो. यातलं एकही वानर शेपटाने लटकत नाही. त्यांचं शेपूट फांदीला वेढा घालत नाही, फळ तोडत नाही, काही उचलत नाही. वानर बसलेलं असलं की ते नुसतं खाली सोडलेलं असतं.

ही उंबरमाळीच्या वानरांचीच गोष्ट आहे असं नाही. भारतातलं, आशियातलं किंवा आफ्रिकेतलं कुठलंही वाढ झालेलं माकड शेपटाच्या पकडीवर अंग तोलू शकत नाही. पुस्तकातलं चित्र खोटं नाही, पण ते आपल्या झाडांवरचं नाही.

मग अंगाहून लांब शेपूट ही जनावरं बाळगतात कशासाठी? ते फुकट मिळत नाही. त्यात हाडं असतात, स्नायू असतात, त्याला रक्त पुरवावं लागतं. भांडणात प्रतिस्पर्ध्याच्या दाताखाली ते येतं, तुटतं, चिघळतं. बिबट्याच्या पंजात अडकू शकेल अशी ती आयती दोरी असते. इतकं नुकसान सोसूनही लाखो वर्षं टिकलेलं शेपूट निरुद्योगी असणार नाही.

शहापूर-मुरबाडच्या झाडांवरचे दोघे

उंबरमाळीच्या आसपासच्या शहापूर-मुरबाड भागात माकडांच्या दोन जाती ठळकपणे दिसतात. पहिलं काळ्या तोंडाचं वानर. राखी-करडं अंग, काळेभोर हातपाय, लांबसडक अवयव. पूर्ण वाढलेल्या वानराचं अंग डोक्यापासून बुडापर्यंत साधारण 50 ते 78 सेंटिमीटर भरतं आणि शेपूट 70 सेंटिमीटरपासून थेट एक मीटरपर्यंत जातं. म्हणजे शेपूट नेहमीच अंगाहून मोठं.

दुसरं लाल तोंडाचं माकड, ज्याला टोपी माकड म्हणतात. डोक्याच्या मधोमध भांग आणि तिथून चहूबाजूंना पसरलेले केस, म्हणून हे नाव. ते फक्त भारताच्या द्वीपकल्पात सापडतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याचंही शेपूट अंगाइतकं किंवा अंगाहून थोडं अधिक लांब असतं. कसारा आणि माळशेज घाटात कठड्यावर बसून गाडीच्या काचेकडे टक लावणारं माकड ते हेच.

दोघांच्या खाण्यापिण्यात फरक आहे आणि शेपूट समजायला तो उपयोगी पडतो. लाल तोंडाच्या माकडाच्या गालांत पिशव्या असतात. उंबरं, किडे, शेंगदाणे, मिळेल ते त्या पिशव्यांत कोंबून ते दुसरीकडे जाऊन सावकाश खातं. जमिनीवर त्याचा मोठा वेळ जातो. वानराच्या गालात पिशव्या नसतात. त्याऐवजी त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात पानं आंबवून पचवली जातात. कोवळी पानं, कळ्या, फुलं येतात फांदीच्या अगदी टोकाला, जिथे फांदी बोटाएवढी बारीक आणि पायाखाली डुलणारी असते. थोराड हुप्प्याचं वजन पंधरा-वीस किलोपर्यंत जातं. एवढं वजन घेऊन तिथे बसायचं, हात लांबवून कळी मुरगळायची आणि पडायचं नाही, हे वानराचं रोजचं काम आहे.

चित्रातलं माकड कुठलं?

शेपटाने खरोखर लटकणारी माकडं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. स्पायडर मंकी, हाउलर मंकी, वूली मंकी ही त्यांतली ठळक नावं. माकडांचे पूर्वज आफ्रिकेतून तिकडे साधारण साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी पोचले. तेव्हाही मधे समुद्र होता. वादळात वाहून गेलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून ते गेले असावेत असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथे त्यांचा वेगळा वंश वाढला आणि त्यातल्या काहींचं शेपूट पाचवा हात झालं.

हे शेपूट आतून-बाहेरून वेगळं असतं. टोकाजवळ, आतल्या बाजूला केस नसलेला कातडीचा पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर आपल्या बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. त्या रेषांमुळे पकड घसरत नाही आणि स्पर्शही सूक्ष्मपणे कळतो. आत स्नायू जाड आणि टोकापर्यंत भरलेले. स्पायडर मंकी या शेपटावर अंगाचा सगळा भार टाकून दोन्ही हात मोकळे ठेवून फळं खातं.

वानराच्या शेपटात यातलं काहीच नाही. टोकापर्यंत केस, आत बारीक हाडं आणि त्यांवरून जाणाऱ्या कंडरा. स्नायूंचा गठ्ठा मुळाशी, बुडाच्या आणि कमरेच्या भागात असतो. तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात आणि एकेका मणक्याला जाऊन चिकटतात. मुळाजवळचे मणके रुंद आणि स्नायूंना आधार देणाऱ्या काट्यांचे, तर टोकाकडचे सरळ, सडपातळ, लांबट. लांब शेपटाच्या माकडांत असे पंचवीसच्या आसपास मणके भरतात. ताकद मुळाशी आणि वजन हलकं ठेवून लांबी टोकाला, अशी ही रचना आहे. पकडण्यासाठी ती निरुपयोगी. झटक्यात फिरवण्यासाठी मात्र उत्तम.

बांधावरून चालताना

श्रावणात भाताच्या बांधावरून चालताना काय होतं ते आठवा. बांध वीतभर रुंद, त्यावर चिखल, दोन्हीकडे पाणी. आपण आपोआप दोन्ही हात बाजूला पसरतो. पसरलेल्या हातांमुळे अंगाचं वजन मधोमध गोळा न राहता दूरवर पसरतं. दूर पसरलेलं वजन चटकन फिरत नाही. कलंडायला जास्त वेळ घेतं. तेवढ्या वेळात पाय सावरतो.

शिवाय थोडंसं डावीकडे झुकलो तर उजवा हात अजून बाहेर जातो. एका बाजूला गेलेलं वजन दुसऱ्या बाजूला वजन सरकवून भरून काढलं, एवढाच त्याचा अर्थ. सावकाश कलंडत असू तर ही युक्ती पुरते.

पाय सर्रकन पुढे घसरला तर मात्र ती पुरत नाही. अंग मागे पडायला लागतं, आणि विचार करायच्या आत दोन्ही हात डोक्यावरून मागे गरगर फिरतात. नीट लक्ष द्या: अंग ज्या दिशेने उलटं पडतंय, त्याच दिशेने हात फिरतात. हे उलटं वाटतं. मागे पडणाऱ्याने हात पुढे फेकायला हवेत असं कुणीही म्हणेल. पण शरीराला हे आपोआप ठाऊक असतं. हात मागच्या दिशेने जोरात फिरवले की त्याची प्रतिक्रिया धडावर पुढच्या दिशेने येते. पडण्यामुळे अंगात जी फिरकी आली ती हातांनी स्वतःकडे घेतली आणि धड त्यातून सुटलं. हात काही कायम फिरत राहत नाहीत. अर्ध्या क्षणाची सवड मिळते, आणि तेवढ्यात टाच चिखलात रुतवता आली तर आपण वाचतो.

वानराला हात पसरून चालता येत नाही, कारण त्याचे चारही हातपाय फांदी धरण्यात गुंतलेले असतात. आपण हातांकडून करून घेतो ती दोन्ही कामं ते शेपटाकडून करून घेतं. फांदीवरून संथपणे जाताना शेपूट एका बाजूला झुकवून वजन तोलतं. फांदी अचानक हलली किंवा पाय सुटला की ज्या दिशेने अंग फिरायला लागलं त्याच दिशेने शेपूट सपकन फिरवतं, आणि धड विरुद्ध बाजूने सावरलं जातं. शेपूट जितकं लांब तितका एका फटकाऱ्याचा परिणाम मोठा, कारण टोकाकडचं थोडंसं वजनही मुळापासून दूर असल्यामुळे पुष्कळ फिरकी शोषून घेतं. लांबीचं गणित इथे आहे. जाड आखूड शेपटापेक्षा हलकं लांब शेपूट या कामाला फार सरस.

हा नुसता तर्क नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या स्क्विरल मंकींना काठीवरून चालायला लावून त्यांच्या प्रत्येक अवयवाची हालचाल कॅमेऱ्यांनी मोजली गेली आहे. त्यात शेपटाच्या हालचालीमुळे अंगाची एकूण फिरकी कमी होते हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मांजरांवरचा एक जुना प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. तो 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांना अरुंद पट्टीवरून चालायला शिकवलं होतं, आणि ती चालत असताना पट्टी अचानक बाजूला सरकवली जायची. धडधाकट मांजरं शेपूट फिरवून सावरायची. ज्यांच्या शेपटाकडे जाणारे मज्जातंतू निकामी केले होते ती स्थिर पट्टीवर व्यवस्थित चालायची, पण पट्टी सरकली की त्यांचा तोल जायचा. म्हणजे शेपटाची किंमत अनपेक्षित धक्का बसला की कळते. झाडावर असे धक्के पावलोपावली असतात: वारा, वाळकी फांदी, शेजारच्या फांदीवर धपकन येऊन आदळलेलं दुसरं वानर.

झेप घेतल्यावर

बांधावरच्या माणसाच्या पायाखाली निदान जमीन असते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावलेल्या वानराच्या हाताला, पायाला कशाचाच आधार नसतो. सपाट झेप साडेतीन ते पावणेपाच मीटरची आणि वरून खाली टाकलेली झेप दहा-बारा मीटरचीही असू शकते. या प्रवासात एक कडक नियम लागू होतो: फांदी सोडताना अंगात जेवढी फिरकी आली तेवढीच शेवटपर्यंत राहते. हवेत असताना ती वाढवता येत नाही, पुसता येत नाही. करता येतं ते एवढंच, की ती अंगाच्या एका भागातून काढून दुसऱ्या भागाला द्यायची.

समजा उडी मारताना फांदी दबली, मागचे पाय जरा जास्त उसळले आणि वानर तोंडघशी जायला लागलं. असंच राहिलं तर समोरच्या झाडावर डोकं आपटेल. अशा वेळी शेपूट वर उचललं की डोकं वर येतं. शेपटाचा मागचा भाग वर जातो ती फिरकी तोंडघशी जाण्याच्याच दिशेची असते. शेपटाने ती घेतली की धडाकडे उलटी फिरकी येते आणि छाती वर उचलली जाते. हात समोर येतात, फांदी पकडतात. हेच उलटंही चालतं: अंग मागे कलायला लागलं तर शेपूट खाली झुकवायचं.

हा नियम सरड्यांवर फार सुंदर पडताळला गेलाय. सरड्यांना गुळगुळीत पृष्ठभागावरून उडी मारायला लावली तर त्यांचे पाय घसरतात आणि अंग पुढे गोल फिरायला लागतं. ते हवेतच शेपूट वर करतात आणि सरळ होतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात संशोधकांनी एका छोट्या चाकांच्या यंत्राला शेपूट बसवून उतारावरून सोडलं. शेपूट हलू दिलं तेव्हा यंत्र सरळ उतरलं. शेपूट जखडलं तेव्हा ते नाकावर पडलं. शेपटाची ही करामत सरड्यात आणि वानरात वेगवेगळी उगवली असली तरी पदार्थविज्ञानाचा नियम दोघांना एकच आहे.

उंबरमाळीला वानरांची झेप पाहायला मिळाली तर हातांकडे पाहण्याचा मोह टाळा. नजर शेपटावर ठेवा. झेप घेताना ते मागे ताणलेलं असतं, मधल्या अंतरात वर-खाली वळतं, आणि फांदी पकडली की पुढे झोकलं गेलेलं अंग थांबवण्यासाठी एकदा जोरात फिरतं. सगळं सेकंदाच्या आत संपतं. मोबाइलवर संथ गतीने चित्रण केलं तर मात्र हे टप्पे वेगळे काढता येतात, आणि माझ्या मते शाळेतल्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवायला याहून चांगली चित्रफीत मिळणार नाही.

मुरबाड तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत चढली की भीमाशंकरचं रान लागतं. तिथला शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शेपटाचा आणखी एक वापर दाखवतो. खाताना तो मागच्या पायांनी फांदी पकडतो, डोकं आणि पुढचे पाय फांदीच्या एका बाजूला झुकवतो आणि गुबगुबीत शेपूट दुसऱ्या बाजूला सोडून देतो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं झालं की दोन्ही हात फळ सोलायला मोकळे. वानर फांदीच्या टोकाशी कळी ओढायला वाकतं तेव्हा त्याचं शेपूटही मागे असाच भार सांभाळत असतं.

शेपटाची बोली

तोल हे मूळ काम. पण एवढी लांब, लांबून दिसणारी वस्तू अंगाला असली की तिचा उपयोग सांगण्यासाठीही होणारच. माकडांच्या अनेक जातींत वरचढ नर शेपूट ताठ वर धरून चालतो आणि दबलेला नर ते खाली ठेवतो. उत्तरेकडच्या रीसस माकडांत तर टोळीचा म्होरक्या कोण हे बऱ्याचदा नुसत्या शेपटावरून ओळखता येतं. गवतात अंग लपलं तरी उभारलेलं शेपूट दिसतं, आणि न भांडता मान मिळतो.

पिल्लांना शेपूट म्हणजे खेळणं. वानराचं पिल्लू जन्मतः काळपट असतं आणि तोंडाची कातडी फिकट गुलाबी. ते आईच्या पोटाला घट्ट चिकटून राहतं. जरा सुटं झालं की पहिला उद्योग मोठ्यांचं शेपूट ओढण्याचा. खाली सोडलेलं शेपूट धरून झोके घ्यायचे, भावंडाचं शेपूट पकडून त्याला मागे खेचायचं, पळायचं. बसलेल्या मादीचं शेपूट पिल्लू ओढतंय आणि ती ढुंकूनही न पाहता पानं चघळतेय, हे दृश्य कुठल्याही टोळीत दिसतं.

शेपटावरून ओळख

काळं तोंड, अंगाहून लांब शेपूट, टोकापर्यंत सारखं: वानर.

लाल तोंड, डोक्यावर केसांची टोपी, शेपूट अंगाइतकं किंवा थोडं जास्त: टोपी माकड.

लाल तोंड, डोक्यावर टोपी नाही, बुडाकडचं अंग तांबूस, शेपूट अंगाच्या निम्मं: रीसस माकड. हे मूळचं उत्तरेचं.

काळं अंग, चेहऱ्याभोवती राखी आयाळ, आखूड शेपटाला टोकाशी गोंडा: सिंहपुच्छ माकड. हे महाराष्ट्रात नाही. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या घाटांत आहे.

शेपूट आखूड का होतं?

टोपी माकड आणि रीसस सख्खे चुलतभाऊ, तरी एकाचं शेपूट दुसऱ्याच्या दुप्पट. रीसस हिमालयाच्या थंडीतही राहतं. थंड मुलखात लांब, बारीक, उघडा अवयव म्हणजे उष्णता गमावण्याची वाट, आणि गोठण्याचीही. या कुळातली जी माकडं थंडीत किंवा मुख्यतः जमिनीवर राहतात त्यांची शेपटं आखूड होत गेलेली दिसतात. जपानच्या बर्फातलं माकड त्याचं ठळक उदाहरण. उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांतल्या बार्बरी माकडाला तर शेपूट जवळजवळ नाहीच. जिथे फांद्यांवरचा तोल कमी लागतो तिथे शेपटाचा खर्च परवडत नाही.

आपल्या वंशाने ते पूर्णच सोडलं. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि माणूस यांच्या समान पूर्वजाचं शेपूट साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी गेलं. 2024 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने त्यामागचं एक कारण दाखवलं: शेपटाची वाढ घडवणाऱ्या टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा मधेच येऊन बसला, आणि त्यामुळे त्या जनुकाचा एक वेगळा, अपुरा नमुना तयार व्हायला लागला. तसाच बदल उंदरांत घडवला तेव्हा आखूड शेपटाचे आणि बिनशेपटाचे उंदीर जन्मले. आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत माणसाच्या गर्भालाही शेपूट असतं. ते पुढे विरतं आणि मागे उरतात तीन ते पाच मणके, आपसांत जुळलेले. बसताना बुडावर आपटलो की ज्याची आठवण येते ते माकडहाड.

तारा, रस्ता आणि लांब शेपूट

झाडांसाठी घडलेलं शेपूट माणसाच्या जगात कधी जिवावर बेततं. रेल्वेच्या वरच्या तारेत 25 हजार व्होल्टचा दाब असतो. महावितरणच्या तारा गावागावांतून जातात. एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण वीज त्याच्या अंगातून जायला दुसरं टोकच नसतं. वानराचं तसं नाही. त्याचा हात एका तारेवर आणि दुसरा हात, पाय किंवा लोंबतं शेपूट दुसऱ्या तारेला वा खांबाला लागलं की वाट पूर्ण होते. मीटरभर लांबीचा जास्तीचा अवयव म्हणजे चूक व्हायची तेवढी जास्त शक्यता. झाडांची सलग छत्री तुटली की वानरं तारांवरून जातात. जिथे फांद्या रस्त्यावरून एकमेकींना भिडलेल्या आहेत तिथे त्यांना तारेची गरज पडत नाही. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांचे शेंडे टिकवणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स आणि केळी टाकण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. झाडावर तोल सांभाळण्यात पटाईत असलेलं जनावर डांबरी रस्त्यावर ट्रकचा वेग ओळखू शकत नाही. खाऊसाठी रस्त्यावर उतरायची सवय आपण लावतो आणि चिरडली जातात ती पिल्लं. टोपी माकड आता असुरक्षित जातींच्या जागतिक यादीत आहे. ते टाकून दिलेल्या केळ्यावर जगणारं जनावर नाही.

तापी-गोदावरीची रेषा

शेपटाबद्दलची सर्वांत विलक्षण गोष्ट शहापूर-मुरबाडच्या उंबऱ्यापाशीच घडते. जमिनीवरून चालणारं वानर शेपूट कसं धरतं, हे भारतभर सारखं नाही. उत्तरेकडच्या वानरांचं शेपूट मुळापासून वर उचललं जातं आणि पाठीवरून डोक्याकडे कमान टाकतं. टोक पुढे असतं. दक्षिणेकडच्या वानरांचं शेपूट वर उचललं जाऊन मागे वळतं आणि टोक पाठीमागे लोंबतं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे एकेकाळचे संचालक एम. एल. रूणवाल यांनी ही दोन वळणं बारकाईने नोंदवली, आणि त्यांच्यातली सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरी या नद्यांच्या काठाने जाते हे 1980 च्या दशकात मांडलं. ही सवय नसून वंशाचा फरक असावा, इतकी ती ठाम दिसते. एके काळी सगळ्या वानरांची एकच जात मानली जायची. पुढे त्यांच्या अनेक जाती केल्या गेल्या, आणि त्या ठरवताना रंगाइतकंच शेपटाचं वळणही ध्यानात घेतलं गेलं. गावोगावच्या वीर मारुतीच्या मूर्ती या नजरेने पाहा: शेपूट पाठीमागून डोक्यावर आलेलं असतं, म्हणजे उत्तरेचं वळण.

लाल तोंडाच्या माकडांची हद्दही परंपरेने याच सुमारास मानली जाते. तापी-गोदावरीच्या उत्तरेला आखूड शेपटाचं रीसस, दक्षिणेला लांब शेपटाचं टोपी माकड. ही हद्द आता हलते आहे. रीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपी माकडाचा मुलूख आकसतोय, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळलं.

उंबरमाळी तापीच्या पुष्कळ दक्षिणेला आहे, पण गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला, इथून सरळ रेषेत साधारण 40 किलोमीटरवर. रेषेच्या हिशेबाने शहापूर-मुरबाडची वानरं दक्षिणेकडची, शेपूट मागे वळवणारी. हे स्वतः पाहायचं असेल तर बसलेलं वानर उपयोगाचं नाही; बसल्यावर सगळ्यांचंच शेपूट खाली सोडलेलं असतं. ते मोकळ्या जमिनीवरून, माळावरून किंवा कापणी झालेल्या खाचरातून चालत असायला हवं, आणि पाहणारा बाजूला उभा असायला हवा. शेपटाचं मूळ वर उचललेलं दिसलं की मधली कमान कुठे झुकते आणि टोक कुठे रोखलेलं आहे, एवढंच नोंदवायचं. एकट्या जनावरावर विसंबू नये, टोळीतली निदान पाच-सहा मोठी वानरं पाहावीत. फोटो बाजूने घेतलेला असावा, आणि त्यासोबत गाव, तारीख आणि टोळीतली संख्या लिहून ठेवावी. लाल तोंडाची माकडं दिसली तर त्यांच्या शेपटाची लांबी अंगाशी ताडून पाहावी, कारण एखादं निम्म्या शेपटाचं माकड शहापुरात दिसलं तर ती हद्द सरकल्याची नोंद ठरेल.